लाईट गेल्यावर घर आणि कॅम्पर: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला की, पावसाळ्यात घाटमाथ्यावर झाडं पडली की आणि कृष्णेला पाणी चढलं की हेच प्रश्न पुन्हा येतात. अलीकडे त्यात व्हॅनचं कॅम्पर करणाऱ्यांची भर पडली आहे. दोन्ही एकत्र ठेवलेत, कारण हिशेब एकच आहे: किती वॅट, किती तास. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

१. लाईट गेली. सगळ्यात आधी काय बघायचं?

शेजारी दिवे आहेत का ते. शेजारी असेल आणि तुमच्याकडे नसेल तर बहुधा घरातला एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा स्विच) पडला आहे. तो एकदाच वर करा. लगेच पुन्हा पडला तर जबरदस्ती करू नका. सगळे एमसीबी खाली घ्या, मेन वर करा आणि एकेक वर करत जा. ज्याच्यावर पडेल त्या लाईनमध्ये दोष. पावसाळ्यात बहुतेक वेळा गच्चीवरचा पॉइंट, गीझर किंवा मोटर निघते.

सगळ्या गल्लीत नसेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक लागतो. तो मोबाइलमध्ये टाकून ठेवा, अंधारात बिल शोधायला नको. डीपीवरचा (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) उडालेला डीओ फ्यूज काठीनं बसवणारे महाभाग गावोगाव आहेत. तुम्ही ते करू नका आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका.

वाट बघताना फ्रिज, टीव्ही, मोटर यांची बटणं बंद ठेवा. लाईट परत येताना व्होल्टेज काही क्षण खालीवर होतं आणि सगळ्या गल्लीचे फ्रिज एकदम उठतात. आल्यावर पाच मिनिटं थांबून एकेक चालू करा.

२. गावात लाईट असते, आमच्या मळ्यातल्या वस्तीवर नसते. असं का?

गावठाण फीडर आणि शेती फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईन) वेगळे असतात. शेती फीडरला थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच असते आणि वेळापत्रक दिवस-रात्र असं आलटून-पालटून येतं. तुमच्या घराची जोडणी शेती फीडरवर असेल तर गावासारखी लाईट मिळणार नाही. बऱ्याच ठिकाणी उरलेल्या वेळात फक्त सिंगल फेज असते आणि तीही कमी दाबाची. वस्तीवरच्या घराला बॅटरी निवडताना म्हणूनच ‘अधूनमधून दोन तास जाते’ असं धरू नका. सलग सहा-आठ तास धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती बॅटरी पुन्हा भरायला पुरेसे तास मिळतात का ते बघा. १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. तेवढी लाईटच येत नसेल तर मोठी बॅटरी घेऊन ती कायम अर्धवट भरलेली राहते आणि दीड-दोन वर्षांत संपते. अशा ठिकाणी दोन सोलर पॅनेल आणि सोलर चार्ज कंट्रोलर जोडणं हाच खरा उपाय.

३. इन्व्हर्टर किती व्हीएचा आणि बॅटरी किती एएचची घ्यायची?

आधी यादी करा. साधा सीलिंग फॅन ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फॅन ३० वॅट, एलईडी बल्ब ९, ट्यूब २०, ३२ इंची टीव्ही ६०, राउटर १२, लॅपटॉप ६५.

समजा तीन साधे पंखे, चार बल्ब, टीव्ही आणि राउटर: २२५ + ३६ + ६० + १२ = ३३३ वॅट. याला ०.८ ने भागा, साधारण ४१६ व्हीए (व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टरची ताकद याच मापात लिहितात). त्यावर चाळीस-पन्नास टक्के जागा सोडा. म्हणजे ६०० ते ७०० व्हीएचा इन्व्हर्टर पुरतो. पुढे काही वाढवायचं असेल तर ९००.

आता बॅटरी. १५० एएच × १२ व्होल्ट = १८०० वॅट-तास. हे लेबलवरचं झालं. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून ०.८ ने गुणा. इन्व्हर्टर स्वतः काही खातो आणि बॅटरी जोरात उपसली की कमी देते, म्हणून पुन्हा ०.८. उरले ११५० वॅट-तास. भागिले ३३३, म्हणजे साडेतीन तासांच्या आत-बाहेर. दुकानात सांगितलेले ‘आरामात सात तास’ कुठून येतात ते आता लक्षात येईल: दोन पंखे आणि दोन बल्ब धरून.

याच यादीत तीन पंखे बीएलडीसी केले तर भार १९८ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी पावणेसहा तास चालते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. खर्च कमी आणि बिलही उतरतं.

लेबलवर ‘सी-१०’ आहे की ‘सी-२०’ तेही वाचा. सी-१० म्हणजे दहा तासांत उपसली तरी १५० एएच मिळणार. सी-२० ची १५० तेवढी देत नाही. दोन दुकानांतल्या किमतींतला फरक कधी कधी एवढ्यावरच असतो.

४. त्याच बॅटरीवर फ्रिज चालेल का? मिक्सर? पाण्याची मोटर?

फ्रिजबद्दल लोकांचा गैरसमज उलटा आहे. १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज उन्हाळ्यातही दिवसाला साधारण एका युनिटच्या आतच खातो, म्हणजे सरासरी ४० वॅट. अडचण असते ती कॉम्प्रेसर उठतानाची: चालू भाराच्या पाच-सात पट करंट क्षणभर लागतो आणि छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह (लाईटसारखीच गुळगुळीत लहर देणारा) आणि किमान ११०० व्हीएचा असेल तर चालतो. पण चार तास लाईट जात असेल तर फ्रिज बॅटरीवर घ्यायची गरजच नसते (प्र. १३ पाहा).

मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा, दोन मिनिटांचं काम; मोठ्या इन्व्हर्टरवर चालेल. एक एचपीची मोटर, इस्त्री, गीझर, इंडक्शन यांचं नाव काढू नका. इलेक्ट्रिशियनला बोर्ड वेगळा करून द्या, म्हणजे चुकूनही कुणी लावणार नाही.

५. स्क्वेअर वेव्ह स्वस्त मिळतो. घेऊ का?

फक्त बल्ब आणि एखादा पंखा असेल तरच. पंखा घूं घूं करतो, फ्रिज आणि मोटर गरम होतात, काही चार्जर रुसतात. आता किमतीत फार फरक राहिलेला नाही, साइन वेव्हच घ्या.

६. ट्युब्युलर घ्यावी की लिथियम?

लाईट क्वचित जात असेल आणि जागा असेल तर ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी). जुनी परत देता येते, गावातला मेकॅनिकही हात लावू शकतो. रोज जात असेल, पाणी बघायला कुणी नसेल किंवा बॅटरी गाडीत ठेवायची असेल तर लिथियम. १५० एएचची ट्युब्युलर पन्नास-साठ किलो भरते; १०० एएचची लिथियम दहा-तेरा किलो, आणि तिचे ९० टक्के वापरता येतात, म्हणून प्रत्यक्षात दोघींचं काम जवळजवळ सारखं.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. जुन्या इन्व्हर्टरला ती थेट लावू नका. ट्युब्युलरसाठीचा चार्जर व्होल्टेज जास्त चढवतो आणि बॅटरीतलं बीएमएस (तिला जपणारं सर्किट) मग तिला तोडून टाकतं. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असेल, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबत असेल, तरच.

७. बॅटरीत पाणी किती दिवसांनी, कोणतं आणि किती घालायचं?

डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, उकळून गाळलेलं नाही आणि जत-आटपाडीकडच्या बोअरचं तर अजिबात नाही. त्यातले क्षार प्लेटवर बसतात आणि ते परत काढता येत नाहीत. ॲसिडही घालायचं नसतं. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

एरवी तीन महिन्यांनी, एप्रिल-मेमध्ये महिन्याला एकदा बघा. पद्धत अशी: बॅटरी पूर्ण भरलेली असताना इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि त्याची पिन भिंतीतून काढा. हातातली अंगठी, कडं उतरवा. टर्मिनलवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या. सहाही झाकणांभोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर तीच आत जाते. फ्लोटची दांडी हिरव्या खुणेच्या वरच्या टोकापर्यंत येईतो नरसाळ्यानं थोडं थोडं घाला. त्याहून जास्त घातलं तर चार्जिंगला उकळी आली की ॲसिड बाहेर येतं आणि खालची फरशी खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं पाणी आधी घाला, मग चार्ज करा, मग खुणेपर्यंत आणा.

टर्मिनलवर पांढरं-हिरवट जमलं असेल तर झाकणं घट्ट लावून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा. फसफसणं थांबलं की पुसा, नट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. नट ढिला राहिला तर तिथेच उष्णता होते. वायरचं कव्हर तपकिरी पडलेलं दिसलं तर कारण हेच.

आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरीचं कपाट बंद नको, शेजारी देवघर आणि समई तर नकोच नको.

८. आधी चार तास चालायची, आता पाऊण तासात शिट्टी मारते. बॅटरी गेली का?

गेलीच असं नाही. मल्टिमीटर घ्या.

लाईट असताना टर्मिनलवर १३.६ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. तेवढं नसेल तर इन्व्हर्टरचा चार्जर किंवा ढिला नट दोषी आहे, बॅटरी नव्हे. व्होल्टेज बरोबर असेल तर रात्रभर चार्ज करून, पिन काढून दोन तास थांबा: १२.६ ते १२.८ यायला हवं. मग नेहमीचा भार टाका. पाच-दहा मिनिटांत ११ च्या खाली घसरलं तर बॅटरी थकली. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल मोजा. पाच सेल १.२४० च्या आसपास आणि एकच १.२०० च्या खाली असेल तर तो सेल मेला आहे, आणि एका सेलपायी सगळी बॅटरी जाते.

गावाकडचं एक वेगळंच कारण: संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ वर असेल तर साधारण १८० च्या खाली तो ‘लाईट गेली’ असं समजून बॅटरीवर जातो. बल्ब चालू असतात, कुणाला कळत नाही, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी अर्धी संपलेली असते. ते बटण नॉर्मल मोडवर करा. संगणकाला यूपीएस मोड लागतो. त्याला वेगळा छोटा यूपीएस घ्या.

९. मेन बंद करून पंखा उतरवायला गेलो तरी झटका बसला. कसं शक्य आहे?

मेन बंद केल्यावर इन्व्हर्टरला वाटलं लाईट गेली, आणि त्यानं बॅटरीवरून पंख्याला वीज दिली. काम करताना मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, इन्व्हर्टरची पिन काढा आणि टेस्टर लावून बघा. घरात नवीन वायरमन आला तर त्याला हे आधी सांगा.

आणखी एक गोष्ट यातच येते. मेन बोर्डावरचा आरसीसीबी इन्व्हर्टर बॅटरीवर असताना तुम्हाला वाचवत नाही, कारण तो करंट त्याच्यातून जातच नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि त्या लाईनचा न्यूट्रल वेगळा ओढा. न्यूट्रल सगळा एका बसबारवर एकत्र केला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. ‘इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. वैतागून आरसीसीबी काढून टाकणारे वायरमन भेटतात. त्याला न्यूट्रल वेगळा करायला लावा.

१०. छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. ऊन असूनही लाईट गेली की घर बंद. फसवलं का आम्हाला?

नाही. ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनशी जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर लाईट गेल्यावर मुद्दाम बंद होतं. ते चालू राहिलं तर तुमची वीज खांबावरच्या तारेत जाईल आणि वर चढलेल्या लाईनमनला मारेल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत (१ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि पुढे ७८,००० रुपये अनुदान) बहुतेकांनी हीच ऑन-ग्रिड यंत्रणा घेतली आहे. बिल कमी करणं हे तिचं काम, बॅकअप देणं नाही. दोन्ही हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी. किंवा सोलर आहे तसं ठेवून प्र. ३ प्रमाणे साधा इन्व्हर्टर वेगळा. दुसरं स्वस्त आणि बहुतेक घरांना पुरेसं.

११. लग्नाला पोर्टेबल जनरेटर आणला होता. तोच घराच्या सॉकेटमध्ये जोडला तर?

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून? कधीच नाही. मेन बंद करायला विसरलात तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी डीपीपर्यंत जाते आणि डीपी तिला हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. शिवाय त्या वायरची मोकळी पिन जिवंत असते. कायमचा जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईट किंवा जनरेटर एकच जोडणारा) बसवून घ्या. तात्पुरता असेल तर एक्स्टेन्शन बोर्डावर थेट उपकरणं लावा.

जनरेटर सोप्यात, जिन्याखाली किंवा अर्ध्या उघड्या शटरच्या आत चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखून गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. वीस फूट लांब, खिडक्यांपासून दूर, धुराचं तोंड घराकडे नको. पाऊस असेल तर वर पत्रा, पण बाजू मोकळ्या.

वर्षभर पडून राहिलेला जनरेटर गरजेच्या दिवशी चालू होत नाही, कारण कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावाही येतो. ठेवण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं भार टाकून फिरवा.

१२. काही बल्ब एकदम प्रखर झाले, काही मंदावले. काय करू?

वाचत बसू नका, मेन बंद करा. न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला आहे. अशा वेळी २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं, आणि टीव्ही, फ्रिजचा बोर्ड, राउटर मिनिटभरात जातात. डीपीपासून घरापर्यंत दोष कुठेही असू शकतो. १९१२ वर ‘न्यूट्रल फॉल्ट’ असं स्पष्ट सांगा, नुसतं ‘लाईट कमी-जास्त होते’ नको. पुढच्या वेळेसाठी बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. स्टॅबिलायझर हे काम करत नाही.

१३. फ्रिजमधलं दूध आणि इन्सुलिन किती तास टिकतं?

दार उघडलं नाही तर खालचा कप्पा चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीझर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. लाईट गेल्यावर दोन बाटल्या खाली दुधाशेजारी उतरवा.

चालू असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात, ३० अंशांच्या आत, चालते. नेमके दिवस खोक्यात लिहिलेले असतात. न उघडलेली फ्रिजमध्ये. मे महिन्यात माणदेशात खोलीच ३५ च्या पुढे असते, तेव्हा ओल्या माठात वाटी ठेवून, प्लास्टिकच्या डब्यात बाटली घालून ठेवा. बर्फाला टेकवू नका. गोठलेली इन्सुलिन वितळली तरी वापरायची नाही.

१४. वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. इन्व्हर्टरवर भागेल का?

पाच लिटरचं यंत्र ३०० ते ३५० वॅट घेतं, म्हणजे एकट्या त्याच्यावर १५० एएचची बॅटरी साडेतीन तासच टिकते. त्याला स्वतंत्र साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या द्या. तरीही भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि त्याचा पाना खाटेजवळ हवाच. दर आठवड्याला पिन काढून प्रत्यक्ष बॅटरीवर चालतं का ते बघा.

१५. सांगलीत आमचं घर पुराच्या पट्ट्यात आहे. वीज आणि इन्व्हर्टरचं काय करायचं?

२००५, २०१९, २०२१ पाहिलेल्यांना आयर्विन पुलाची पातळी सांगायला नको: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या भागात पाणी धोका पातळीच्या आधीच दारात येतं. त्यामुळे इशाऱ्याची वाट न बघता, पाणी चढतंय म्हटल्यावर इन्व्हर्टर सोडवा. पिन काढा, आधी काळी (निगेटिव्ह) वायर, मग लाल. पन्नास-साठ किलोचं धूड दोघांनी, सरळ उभं धरूनच वर न्या. आडवं केलं तर ॲसिड सांडतं. वरच्या मजल्यावर दोन पंखे आणि तीन बल्बांचा एक छोटा बोर्ड इन्व्हर्टरसाठी आधीच करून ठेवला असेल तर तिथेच जोडता येतं. पुरात वीज उपकेंद्रच बंद करावं लागलं तर दिवसेंदिवस येत नाही, म्हणून बॅटरी फक्त मोबाइल आणि एका दिव्यासाठी राखा. १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण दोनदा फोन भरते.

खालचे सॉकेट कमरेच्या वर, मीटर आणि बोर्ड डोक्याच्या उंचीवर हलवून घेतलेत तर पुढच्या वेळी निम्मं नुकसान वाचेल.

पाणी ओसरल्यावर मेन वर करायची घाई करू नका. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी सरळ बदला. आत गाळ बसलेला असतो आणि गरजेच्या वेळी ते पडत नाहीत. सॉकेटच्या प्लेटा उघडून गोड्या पाण्यानं धुवून आठवडाभर वाळू द्या. मग इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावून घ्या. एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर ती लाईन चालू करायची नाही.

१६. व्हॅनचं कॅम्पर करतोय. दोघांसाठी किती बॅटरी, किती सोलर?

एका दिवसाचा हिशेब असा:

- १२ व्होल्टचा ४० लिटर कॉम्प्रेसर फ्रिज: ४५ वॅट, अर्धा वेळ चालतो असं धरून ५४० वॅट-तास
- तीन एलईडी दिवे, पाच तास: ७५
- १२ व्होल्टचा पंखा, आठ तास: १६०
- पाण्याचा पंप, सगळा मिळून वीस मिनिटं: १५
- दोन फोन आणि लॅपटॉप: ९०

एकूण ८८०. १०० एएचची लिथियम (१२८० वॅट-तास) वापरण्याजोगे ११५० देते. म्हणजे एक दिवस आणि वर थोडी राखीव. छतावर आडवं बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ उन्हात दिवसाला ६००-७०० देतं; गाडी झाडाखाली लावली की निम्म्याहून कमी. जुलैत महाबळेश्वर-तापोळ्याकडे जाणार असाल तर सोलर हिशेबातच धरू नका, बॅटरी दुप्पट करा किंवा रोज गाडी चालवा.

एसी आणि इंडक्शन बॅटरीवर नको. १५०० वॅटचं इंडक्शन १२ व्होल्टवर १४० अँपिअर ओढतं.

बॅटरी किती उरली ते व्होल्टमीटरवरून लिथियममध्ये कळत नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि मग कोसळते. शंट (बॅटरीतून किती करंट गेला-आला ते मोजणारी पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर बसवा.

१७. गाडी चालू असताना ही बॅटरी भरते का?

भरते, पण डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरवरून दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजवर भरणारा) लावून. साधी रिले लावली तर लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो; आणि बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर स्टार्टर बॅटरी भरली की स्वतःच व्होल्टेज उतरवतो, मग दुसरी बॅटरी अर्धीच राहते. ३० अँपिअरचा चार्जर साडेतीन तासांत १०० एएच भरतो. सांगलीहून महाबळेश्वरला पोचेतो काम झालेलं असतं.

१८. फ्रिज गाडीत मागं लावला की ‘लो व्होल्टेज’ म्हणून बंद होतो. बॅटरी तर भरलेली आहे.

वायर बारीक आहे. २३० व्होल्टला एक व्होल्ट पडला तर कुणाला कळत नाही, १२ व्होल्टला तो आठ टक्के होतो. बॅटरीपासून फ्रिज पाच मीटरवर आणि करंट १० अँपिअर असेल तर १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरमध्ये १.१५ व्होल्ट पडतात, २.५ मध्ये ०.७, ४ मध्ये ०.४३. म्हणून ४ चौ. मिमी, आणि निगेटिव्ह परत आणायला चॅसीवर भरवसा न ठेवता दुसरी वायर.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर. तो उपकरणाकडे बसवणं निरुपयोगी. मधली वायर दारात चेपून शॉर्ट झाली तर ती पेटेल, फ्यूज शाबूत राहील.

१९. बामणोली, तापोळ्याच्या कॅम्पवर बाहेरची लाईट गाडीला जोडताना काय बघायचं?

१६ अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते. सॉकेट टेस्टर पिशवीत ठेवा. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल दोन्ही सारखेच २३० च्या आसपास हवेत. अर्थिंग नसेल तर जोडू नका. गाडी रबरी टायरवर उभी असते, दोष आला तर सगळा पत्रा जिवंत होतो आणि खाली ओल्या मातीवर पाय ठेवणाऱ्याला झटका बसतो. गाडीत स्वतःचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. केबल २.५ चौ. मिमी, तीन कोअर. रीळ पूर्ण सोडून टाका. गुंडाळलेल्या केबलमधून हीटर चालवला तर ती आतून वितळते.

२०. गाडीत गॅस ठेवावा का?

५ किलोचा छोटा सिलिंडर, उभा, पट्ट्यानं बांधलेला, आतून बंद असलेल्या वेगळ्या खणात. आणि त्या खणाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून वरची जाळी उपयोगाची नाही. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी, आणि ऊब यावी म्हणून शेगडी लावून झोपायचं नाही (कारण प्र. ११ मध्ये).

२१. घरी लाईट गेली तर दारात उभ्या कॅम्परवर घर चालेल का?

गरजेपुरतं छान चालतं. राउटर, दोन बीएलडीसी पंखे, तीन बल्ब मिळून ९९ वॅट. १०० एएचच्या लिथियमवर दहा तासांच्या जवळपास. गाडीतल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन खिडकीतून आत घ्या आणि उपकरणं त्याच्यावर लावा. पंखे छतावरचे असतील तर त्यांना पिन नसते, म्हणून टेबल फॅन वापरा. घराच्या सॉकेटमधून ‘उलटी’ वीज द्यायची नाही, प्र. ११ इथेही लागू.

महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर लिथियम ५०-६० टक्क्यांवर सोडा आणि मेन स्विच बंद करा. १०० टक्क्यांवर चार्जरला लावून ठेवू नका. लेड-ॲसिड असेल तर बरोबर उलट, ती पूर्ण भरून फ्लोट चार्जवर.

२२. जानेवारीत वेण्णा लेकजवळ मुक्काम केला. सकाळी सोलर दिसतंय पण लिथियम चार्ज घेत नाही. बिघडली?

बिघडलेली नाही. वेण्णा लेक, लिंगमळा परिसरात थंडीत दवबिंदू गोठतात. सेल शून्य अंशाच्या खाली असताना चार्ज केले तर कायमचे खराब होतात, म्हणून बीएमएस चार्जिंग अडवतं. काही कंपन्या खबरदारी म्हणून चार-पाच अंशांवरच अडवतात. वापर मात्र चालू राहतो. ऊन वर आलं की तासा-दोन तासांत आपोआप सुरू होतं. बॅटरी गाडीच्या खाली न लावता आत, सीटखाली ठेवली तर हा प्रश्न सहसा येत नाही.

२३. हे सगळं बसवल्यावर आरटीओला सांगावं लागतं का?

सुटे, पेटीत बसणारे सामान, उचलून ठेवता येणारा फ्रिज आणि पॉवर स्टेशन यासाठी नाही. सीट काढल्या, छत कापलं, गाडीचा प्रकार बदलला तर हो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदीपासून वेगळा बदल परवानगीशिवाय करू देत नाही, आणि कारखान्यात बनणाऱ्या मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. काम सुरू करण्याआधी सातारा, कराड किंवा सांगलीच्या कार्यालयात आरसी घेऊन विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. बदल न कळवलेल्या गाडीत वायरिंगनं आग लागली तर दावा तिथेच अडतो.